ओहा वाई: हवाईतील झुडपे, त्यांचे उलटे फूल आणि महाबळेश्वरात बी रुजवण्याचा प्रश्न

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. हवाई बेटावर लेकीकडे गेला असताना ज्वालामुखीच्या परिसरातील ओल्या जंगलात आपण छातीएवढ्या उंचीचे एक झुडूप पाहिले. त्याला जांभळट, विळ्यासारखी वाकलेली फुले होती आणि शेजारच्या पाटीवर ‘क्लेर्मोंशिया, घंटापुष्पांचे कूळ’ असे लिहिले होते. हवाईत याच झुडपाला ‘ओहा वाई’ म्हणतात. फूल घंटेसारखे मुळीच दिसत नाही, पाकळ्यांचे दोन थर आहेत, खोड चांगले लाकडी आहे; मग हे झुडूप या कुळात कसे, असे आपण विचारता. शिवाय झाडावर पिवळीधमक फळे होती, त्यांतले बी आणून महाबळेश्वरच्या आपल्या जागेत रुजवता येईल का, असेही विचारले आहे. हवाईतील स्थानिक वनस्पतींची रोपे करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे बियांविषयी आधी लिहावे असा मोह होतो. परंतु बियांचे उत्तर फुलाच्या उत्तरावर अवलंबून आहे, म्हणून फुलापासूनच सुरुवात करतो.

घंटापुष्पांच्या, म्हणजे कॅम्पॅन्युलेसी, या कुळात सुमारे २,४०० जाती आहेत. त्यांतील ज्या जातींवरून कुळाला घंटेचे नाव मिळाले, त्या बहुतेक युरोप आणि आशियाच्या थंड भागांतील, निळ्या, सारख्या पाच पाकळ्यांच्या फुलांच्या आहेत. या कुळाची दुसरी मोठी शाखा लोबेलियांची. तिच्यात फूल सारख्या पाकळ्यांचे नसते. त्याची नळी पाठीकडून चिरलेली असते आणि पाकळ्या एका बाजूला झुकलेल्या असतात. आपण महाबळेश्वरात जागा राखून आहात, तेव्हा या शाखेतील एक वनस्पती आपण नक्कीच पाहिलेली आहे. हिवाळ्यात घाटमाथ्यावर, रस्त्याच्या कडेला आणि मोकळ्या उतारांवर, पुरुषभर उंचीचे पोकळ दांडे उभे असतात आणि त्यांवर पांढऱ्या फुलांचे लांब तुरे येतात. तीच धवल, देवनळ किंवा रानतंबाखू, म्हणजे लोबेलिया निकोशियानिफोलिया. हवाईची झुडपे आणि आपली धवल एकाच मोठ्या लोबेलियांच्या गोतावळ्यातली आहेत. किलिमांजारो आणि केनिया पर्वतांवर दिसणाऱ्या खांबासारख्या लोबेलियाही याच गोतावळ्यात येतात.

लाकडी खोडाविषयी म्हणाल, तर कूळ ठरवताना खोड हा फारसा विश्वासू साक्षीदार नाही. खऱ्या घंटाफुलांच्या शाखेतही अझोर्स बेटांवरील अझोरिना आणि मदेरा बेटांवरील मुशिया ही झुडपेच आहेत. दूरच्या बेटांवर गेलेल्या अनेक वनस्पतींची खोडे पुढे लाकडी झाली. हवाईच्या लोबेलियांचा पूर्वज मात्र बहुधा लाकडी खोडाचाच तेथे पोचला, असे त्यांच्या वंशवृक्षाच्या अभ्यासावरून दिसते. रानात ओळख पटवायची असेल तर खोडाऐवजी दोन गोष्टी पाहाव्यात. पान तोडले की पांढरा चीक येतो का, ही पहिली. आणि परागकोश एकमेकांना चिकटून त्यांची नळी झाली आहे का, ही दुसरी. लोबेलियांच्या शाखेसाठी दुसरी खूण अधिक भरवशाची आहे, आणि या झाडाचे सगळे चरित्रही तिच्यातच आहे.

फूल हातात धरून देठ पाहिला तर त्याला पीळ पडलेला दिसतो. कळी वाढत असताना देठ अर्ध्या फेऱ्याने वळतो आणि मूळचे वरचे अंग खाली येते. म्हणजे आपण पाहिलेले फूल चक्क उलटे होते. वाकलेल्या नळीतून एक दांडी बाहेर आलेली असते. तिच्या टोकाची करडी-जांभळी नळी म्हणजे एकत्र जुळलेले पाच परागकोश. परागकण या नळीच्या आत सांडतात, बाहेर येत नाहीत. आतून कुक्षीवृंत, म्हणजे फुलाच्या मादी अंगाचा दांडा, हळूहळू लांबत जातो आणि पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे परागकण पुढे ढकलतो. खालच्या परागकोशांच्या टोकाशी पांढऱ्या केसांचा झुबका असतो. पक्ष्याने चोच नळीत खुपसली की त्याचे कपाळ त्या झुबक्याला लागते, आणि चिमूटभर पराग त्याच्या पिसांवर सांडतो. हे मी रोपवाटिकेत काडीच्या टोकाने शेकडो वेळा करून पाहिले आहे. स्पर्श झाला की पिठाची पुडी फुटावी तसे पराग बाहेर येतात. काही दिवसांनी पराग संपतात, कुक्षी, म्हणजे त्या दांड्याचे पराग घेणारे टोक, नळीतून बाहेर डोकावते, तिची दोन दले उघडतात आणि तेच फूल आता पराग घेणारे होते. पहिल्या दिवशीच्या आणि चौथ्या-पाचव्या दिवशीच्या फुलांत एवढा फरक पडतो की नवख्या माणसाला त्या दोन वेगळ्या जाती वाटतात.

पाकळ्यांच्या दोन थरांचे आपले निरीक्षण अचूक आहे. क्लेर्मोंशिया या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या या गटात, २२ जाती मानल्या जातात आणि त्या सगळ्या हवाई द्वीपसमूहातच आढळतात. त्यांपैकी क्लेर्मोंशिया आर्बोरेसेन्ससारख्या काही जातींत निदले, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या वलयाची दले, नेहमीसारखी, म्हणजे आखूड आणि हिरवी असतात. क्लेर्मोंशिया काकेआनासारख्या अनेक जातींत मात्र निदलपुंज पाकळ्यांइतकाच लांब, त्याच रंगाचा आणि त्याच पोताचा झालेला असतो. आपल्याकडील दुहेरी जास्वंदीत पुंकेसरांच्या पाकळ्या होतात. येथे निदलांच्या पाकळ्या झाल्या आहेत. फरक असा की दुहेरी जास्वंद माणसाने निवडून वाढवली, तर हे रूप जंगलात आपोआप टिकले. फुलाचे कोणते अंग कोणत्या वलयात घडावे हे ठरवणारी जनुके असतात. त्यांतील पाकळ्यांशी संबंधित जनुके या जातींत निदलांच्या वलयातही कामाला लागतात, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवले गेले. आपण पाहिलेली जात कोणती, हे केवळ वर्णनावरून मी सांगणार नाही. या प्रजातीत संकर सहज होतात, आणि पानाची रुंदी व फुलाची लांबी न मोजता नाव ठोकून देणारे जाणकार नंतर शब्द मागे घेताना मी पाहिले आहेत.

आता पक्ष्याकडे वळतो. फुलाचा बाक आणि हवाईच्या मधुशोषी पक्ष्यांच्या चोचीचा बाक शेजारी ठेवून पाहिले की वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. यांतील ‘इइवी’ नावाचा लालभडक पक्षी अजून आहे. २०१७ पासून अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने तो संकटग्रस्तांच्या यादीत आहे. त्याचे लांब चोचीचे भाऊबंद, हवाई बेटावरील मामो आणि मोलोकाईवरील काळा मामो, मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी नाहीसे झाले. त्यांच्या जाण्यात या झुडपाचाही थोडा हात होता, ही गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. हवाईचे पारधी ओहा वाईचा चिकट चीक फांद्यांना फासून पक्षी धरत आणि त्यांची पिसे सरदारांच्या झग्यांसाठी वापरत. राजा कामेहामेहाचा मामोच्या पिवळ्या पिसांचा झगा होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात आहे. ज्या पक्ष्यावर हे फूल विसंबून होते, त्यालाच त्याच्या चिकाने धरले जात होते. अर्थात पक्ष्यांचा खरा घात पारध्यांनी केला नाही. जंगलतोड, उंदीर आणि डास यांनी केला. १८२६ मध्ये एका जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून क्युलेक्स डास माउई बेटावर उतरला, असे मानले जाते. आपल्याकडे हत्तीरोग पसरवतो तोच हा डास. पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर हिवतापाचे पक्ष्यांतले परोपजीवी आले आणि डासाने ते रानभर पोचवले. आज इइवी मुख्यतः डास न पोचणाऱ्या उंच, थंड जंगलांत उरला आहे, आणि हवामान तापत चालल्याने डास वर सरकत आहे. २०२३ पासून माउईच्या जंगलांत वोल्बाकिया जिवाणू असलेले नर डास सोडले जात आहेत. त्यांच्याशी जोडी जमली तर मादीची अंडी उबत नाहीत.

पक्षी गेल्यावर झाडाचे काय होते, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संग्रहालयांतील जुन्या इइवींची चोच आणि हल्लीच्या इइवींची चोच मोजली गेली, तेव्हा चोच किंचित आखूड झाल्याचे आढळले. लोबेलिया दुर्मीळ झाल्यावर या पक्ष्याने ओहिया नावाच्या वृक्षाच्या उघड्या, लाल फुलांवर गुजराण सुरू केली, आणि तेथे लांब चोचीचा लाभ नव्हता, असे त्याचे कारण दिले गेले. झाडाच्या बाजूने पाहिले तर, क्लेर्मोंशिया काकेआनाची फुले कोणी न येताही स्वतःच्याच परागांवर बी धरू शकतात, हे प्रयोगाने दिसले आहे. म्हणून झाड लगेच वांझ होत नाही. ते पिढ्यान्पिढ्या आपल्याच रक्ताच्या आत वाढत राहते, आणि त्याचा परिणाम रोपांच्या जोमात फार उशिरा कळतो. रिकाम्या जागी आता एक पाहुणाही शिरला आहे. १९२९ मध्ये ओआहू बेटावर जपानी चष्मेवाला सोडण्यात आला. आपल्या चष्मेवाल्याचाच हा सख्खा चुलतभाऊ. तो क्लेर्मोंशियाच्या फुलांवर येतो, हे १९८७ मध्ये नोंदले गेले. त्याची आखूड चोच नळीत नीट बसत नाही, कपाळाला पराग लागेलच असे नाही. परंतु फळे तो आवडीने खातो आणि बी पसरवतो. स्थानिक वनस्पतींच्या कामातल्या मंडळींत या पक्ष्याविषयी दोन तट आहेत. मी त्याला नाइलाजाचा मदतनीस मानतो, त्याहून अधिक नाही.

फळाविषयी येथेच एक गोष्ट सांगितली पाहिजे. धवलीचे फळ सुकून फुटते आणि धुळीसारखे बी वाऱ्यावर जाते. क्लेर्मोंशियाचे फळ मांसल आहे आणि ते पक्ष्यांनी खावे अशीच त्याची रचना आहे. हवाईच्या लोबेलियांत सहा प्रजाती आणि सव्वाशेच्या आसपास जाती आहेत, आणि त्या सगळ्या एकाच आगमनातून, सुमारे १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, उपजल्या असे रेण्वीय अभ्यास सांगतो. आजचे सर्वांत जुने मोठे बेट, काउआई, अवघे ५० लाख वर्षांचे आहे. म्हणजे पहिले बी ज्या बेटावर पडले ते आता झिजून समुद्राच्या पातळीला आले आहे, आणि त्याचे वंशज नव्या बेटांवर उड्या मारत पुढे आले. क्लेर्मोंशियाची सख्खी बहीण सायानिया ही प्रजातीही मांसल फळांची आहे. तिच्या जाती मात्र क्लेर्मोंशियाच्या तिपटीहून अधिक आहेत. याचे पटण्यासारखे कारण असे दिले जाते की, सायानिया घनदाट जंगलाच्या तळाशी वाढते, तिची फळे खाणारे पक्षी त्या सावलीतून फारसे बाहेर पडत नाहीत, त्यामुळे खोऱ्याखोऱ्यात वेगळी जात होते. क्लेर्मोंशिया कडेच्या, उजेडाच्या जागी वाढते, तिचे बी दूर फिरणाऱ्या पक्ष्यांबरोबर जाते आणि वेगळेपण पुसले जाते.

प्रजातीचे नाव एका फ्रेंच नौदलमंत्र्याचे, क्लेर्मों-तोनेरचे, आहे. ‘युरानी’ जहाजावरचा वनस्पतिशास्त्रज्ञ गोदिशो १८१९ मध्ये हवाईत आला होता. परतताना १८२० मध्ये ते जहाज फॉकलंड बेटांशी फुटले. तरीही त्याचे काही नमुने वाचले आणि त्यांवरून हे नाव दिले गेले. मंत्र्याने हे झाड कधी पाहिले नाही. ‘ओहा वाई’ हे हवाईचे नाव मला अधिक जवळचे वाटते, आणि रोपवाटिकेत आम्ही तेच वापरतो.

जंगलात या झुडपांना सर्वांत मोठा उपद्रव रानडुकरांचा. डुक्कर कोवळे खोड मोडते, जमीन उकरते, आणि उकरलेल्या खड्ड्यांत पाणी साचून डासही वाढवते. क्लेर्मोंशियाच्या काही जाती जमिनीऐवजी ओहियाच्या खोडावर किंवा वृक्षनेच्यांच्या बुंध्यावर वाढतात. काळसर जांभळ्या फुलांची अतिसंकटग्रस्त क्लेर्मोंशिया पेलेआना ही त्यांतलीच. हवाईत वृक्षनेचाच्या बुंध्यावर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, शेवाळात मूळ रोवून वाढलेले ओहा वाईचे रोप पाहिले की लोक त्याची जिद्द वाखाणतात. तेथून खाली पाहिले की कळते, खाली पडलेले प्रत्येक बी खाल्ले किंवा तुडवले गेले आहे. कुंपण घातलेल्या तुकड्यांत मात्र दोन-चार वर्षांतच जमिनीवर रोपे दिसू लागतात. उंदीर फळे आणि साल खातात. आणि गोगलगायींबद्दल, म्हणजे कवच नसलेल्या चिकट शेंबड्या गोगलगायींबद्दल, पुढे लिहितोच.

आता रोपांचे. फळ पूर्ण पिवळे-नारिंगी आणि बोटाला मऊ लागेपर्यंत थांबावे लागते. सुपारीएवढ्या एका फळात शेकडो बिया असतात, खसखशीहून बारीक आणि चकाकणाऱ्या. फळ पाण्यात कुस्करायचे, गर वर तरंगतो तो ओतून द्यायचा, आणि तळाशी बसलेले बी चहाच्या गाळणीत धुवायचे; पिशवी गाळणीपेक्षा बारीक जाळीची धातूची गाळणी बरी. गराचा अंश राहिला तर बुरशी लागते. बी कागदावर पसरून सावलीत सुकवायचे. साठवायचे असेल तर कोरडे करून साध्या शीतकपाटात ठेवावे. खोल गोठवण्याच्या उणे १८ अंशांच्या पेटीत नको, कारण या कुळातील हवाईच्या जातींचे बी तेथे टिकत नाही. पेरताना मातीने झाकायचे नाही, या बीजाला उजेड लागतो. पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे), बारीक चाळलेला ज्वालामुखीच्या खडीचा चुरा आणि थोडे कोकोपीट मी एकत्र करतो. पाणी वरून ओतायचे नाही, तबक उथळ पाण्यात ठेवून खालून चढू द्यायचे. साधारण महिना, कधी दोन महिने, हिरवे ठिपके दिसायला लागतात. त्यानंतर पहिली दोन-तीन महिने रोप इतके हळू वाढते की नवे मदतनीस ते मेले समजतात.

माझ्या पहिल्या मोठ्या पेरणीत मी तबके जमिनीपासून हातभर उंचीच्या लाकडी मांडवावर ठेवली होती आणि ते पुरेसे आहे असे समजलो होतो. रात्री पाऊस झाला. सकाळी चार तबकांतली नख टेकवण्याएवढी रोपे गेली होती, मागे फक्त चकाकणाऱ्या रेषा होत्या, आणि मांडवाच्या पायाच्या आतल्या बाजूस बोटाएवढी एक गोगलगाय स्वस्थ चिकटून बसली होती. तिच्या एका रात्रीच्या जेवणात माझे चार महिने गेले. त्यानंतर मांडवाच्या प्रत्येक पायाला तांब्याची पट्टी असते, आणि रात्री नऊ वाजता डोक्याला दिवा बांधून एक फेरी असते. जंगलात लावलेल्या रोपांना ही फेरी नसते, हे लक्षात ठेवले म्हणजे तेथे कोवळी रोपे का जगत नाहीत हे कळते.

आपल्या महाबळेश्वराबद्दल माझे उत्तर ‘नको’ असे आहे. राष्ट्रीय उद्यानातून फळ किंवा बी उचलण्यास मनाई आहे, आणि यांतल्या काही जाती केंद्रीय संरक्षणाखाली आहेत. भारतात बी आणायचे तर वनस्पती संगरोधाच्या २००३ च्या आदेशाप्रमाणे परवाना आणि निर्यातदार देशाचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. खिशात बी आणणे हा गुन्हा ठरू शकतो. हे सगळे जमले तरी हवामान आड येते. ओहा वाईला वर्षभर पाऊस आणि धुके हवे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात त्याला फार फरक चालत नाही. महाबळेश्वरात चार महिन्यांत पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि मग मेअखेरपर्यंत जमीन कोरडीठाक होते. कोणी ते कृत्रिम धुक्याच्या घरात जगवीलही, पण फुलाला पक्षी नाही, आणि बी झाले तरी ते परत नेण्याची सोय नाही. झाड तेथे शोभेचे होऊन राहील. हवाईत घरच्या बागेसाठी रीतसर परवानगीच्या रोपवाटिका सामान्य जातींची रोपे विकतात. लेकीचे घर पुरेशा उंचीवर, ओल्या बाजूला असेल तर तिच्या अंगणात लावण्यास मी आनंदाने सांगेन.

आपल्या जागेसाठी धवल आहे. तिचे बी हिवाळ्याअखेर सुकलेल्या बोंडांतून मिळते. वर सांगितलेली उजेडात, न झाकता, खालून पाणी देण्याची रीत तिलाही लागू पडते. पहिल्या वर्षी पानांचा घेर वाढतो, तुरा नंतर येतो, आणि फुलांवर शिंजीर येतात. मात्र तिचा चीक आणि सुकलेली पाने विषारी आहेत, पाने हाताळल्यावर उडालेल्या भुकटीने नाक-घसा चुरचुरतो; म्हणून गुरांपासून आणि लहान मुलांपासून दूर लावावी, आणि बोंडे गोळा करताना तोंडाला रुमाल बांधावा. फुले आली की एक फूल तोडून देठाचा पीळ पाहावा, मग परागनळीच्या टोकाच्या झुबक्याला सुईने अलगद स्पर्श करून पाहावा. आपण ज्वालामुखीच्या जंगलात पाहिलेल्या फुलाचा दट्टा आपल्याला तेथे चालताना दिसेल.